सावकाश खेळणारे तिघे

जुना संगणक बंद पडला तेव्हा सासूबाईंनी आधी त्याला शिव्या घातल्या, मग पायातली सपात काढून दोन फटके दिले आणि शेवटी त्याच्यापुढे हात जोडले. हा क्रम त्यांनी माझ्या नवऱ्याच्या बाबतीतही पाळला होता, तो लहान असताना.

"युएश्या, यानं मान टाकली गं," त्या म्हणाल्या. "मरायचं तर मर, पण डाव तरी पुरा करायचा की नाही? एक सोंगटी हवी होती मला. एक!"

मी दुकानातून हात पुसत आत गेले. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. पेइकांग गावातल्या निम्म्या शाळांच्या गणवेशांवर मुलांची नावं आणि नंबर मी भरून देते. भरतकामाच्या यंत्राला अक्षरं शिकवता शिकवता मी संगणक शिकले. चुकत, हळहळत, मधूनच उगाच खूश होत. त्यामुळे घरात काही चालेनासं झालं की मलाच हाक येते. मी मागचं झाकण उघडलं. आतून जळक्या वासाची एक झुळूक आली आणि मला कळलं, आता काही व्हायचं नाही.

"गेला, आई."

"मग माझे तिघे?"

तिघे म्हणजे टकल्या, कुरळी आणि मास्तर. माहजाँग म्हणजे चौघांनी खेळायचा सोंगट्यांचा डाव; त्याच्या संगणकावरच्या एका जुन्या खेळातली ही माणसं. चौकोनी टेबलाच्या तीन बाजूंना त्यांची चित्रं असायची आणि चौथ्या बाजूला सासूबाई. टकल्याच्या गळ्यात सोन्याची साखळी होती आणि हरला की तो "बायकोला काय सांगू?" म्हणून गळा काढायचा. कुरळी जिंकली की खिदळायची. मास्तर चष्म्यावरून बघायचा आणि काहीच बोलायचा नाही. सासूबाईंचा सगळ्यात जास्त राग मास्तरवर होता.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा टेबल खऱ्या माणसांनी भरलेलं होतं. सासूबाई, समोरची अ-तुआन मावशी, तिळाच्या तेलाच्या घाण्यावरची चिओ-ती मावशी आणि पोस्टमनची बायको. मी चहा करायचे, पेरू चिरायचे, त्यावर आलुबुखारची पूड भुरभुरवायचे आणि सोंगट्या ढवळल्याचा खडखडाट भिंतीपलीकडून ऐकायचे. मला कुणी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. भरलेल्या टेबलाला पाचवी खुर्ची कुठं लावणार?

मग चिओ-ती मावशी मुलाकडे ताइचुंगला गेली. तिघींना खेळता येत नाही. चौथी मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून माझ्या नवऱ्यानं, कुओ-तुंगनं, चिआयी शहरातून या खेळाची सीडी आणली आणि आईला संगणकापुढे बसवलं. चौथी मिळाली नाही. अ-तुआन मावशी वारली, पोस्टमनच्या बायकोला आता स्वतःचं नावही आठवत नाही, आणि पुढे कुओ-तुंगही गेला, यकृताच्या दुखण्यानं. तात्पुरती सोय तेवढी राहिली.

नवरा गेल्यावर सासू-सून हे नातं कुठल्या खुंटीला टांगायचं, हे कुणी सांगत नाही. आम्ही दोघींनी ते तसंच जमिनीवर ठेवलं आणि त्याला ठेच लागणार नाही अशा बेतानं घरात वावरत राहिलो.

माझी नणंद पी-युन दर रविवारी ताओयुआनहून फोन करायची. "आई, ये ना इकडे. अकराव्या मजल्यावर घर आहे, पण लिफ्ट आहे. खाली म्हाताऱ्या माणसांसाठी हॉल आहे, तिथं बायका रोज माहजाँग खेळतात. वहिनीवर किती दिवस भार टाकणार?"

आणि सासूबाई दर रविवारी तेच सांगायच्या. "माझे तिघे इथं आहेत. त्यांना टाकून कशी येऊ?" हे सांगताना त्या हसायच्या, पी-युनही हसायची, आणि विषय पुढच्या रविवारपर्यंत मिटायचा.

आता संगणक बंद पडला म्हणजे सासूबाईंचं निमित्तच बंद पडलं. त्या रविवारी पी-युननं ऐकलं आणि फोनमध्येच टाळी वाजवली. "झालं! आता तरी निघशील? तांदळाच्या गोळ्यांच्या सणाआधी ये. इथं सगळ्यांबरोबर गोळे खाऊ."

सासूबाई नुसतं "बघू" म्हणाल्या. पन्नाशी उलटलेल्या माझ्या आयुष्यात मी इतकं घाबरवणारं "बघू" ऐकलं नव्हतं.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार? बोलायला त्याच होत्या.

दुसऱ्याच दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी चिआयीला गेले आणि नवा लॅपटॉप घेऊन आले. सीडी घालायला त्याला भोकच नव्हतं, म्हणून बाहेरून जोडायची एक डबीही घेतली.

"हा इतका चपटा? यात तिघं मावतील?" सासूबाईंनी विचारलं.

"मावतील. आधी तुम्हाला नवा खेळ दाखवते. हल्ली माहजाँग थेट खऱ्या माणसांशी खेळता येतं."

ती माझी चूक. नव्या खेळात सोंगट्या चमकत होत्या, कोपऱ्यात पोहण्याच्या कपड्यांतली एक पोरगी नाण्यांची उधळण करत होती आणि प्रत्येक सोंगटी टाकायला बोटांवर मोजण्याइतके क्षण. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या चष्मा वर करून बघेपर्यंत घड्याळ लाल झालं आणि खेळानं त्यांच्याऐवजी स्वतःच सोंगटी टाकून दिली.

"अगं, ही माझी जोडी होती! कुणी टाकली?"

"वेळ संपला की तोच टाकतो."

"माझ्या हातातली? याला कुणी सांगितलं नाक खुपसायला?"

तेवढ्यात पडद्यावर समोरच्या कुणीतरी काहीतरी लिहिलं. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"घाई करा, असं म्हणतोय," मी म्हटलं. खरं तर 'म्हातारी मेली की काय' असं लिहिलं होतं. पुढच्या डावाला टेबलानं त्यांना बाहेरच काढलं.

"मला हाकललं गं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं.

मग मी कुओ-तुंगची सीडी शोधून काढली. आत घातली. डबी गुरगुरली आणि लॅपटॉपनं एक निळी पाटी दाखवली: हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. मी उजवं क्लिक करून बघितलं, जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावून बघितलं, मालकाच्या हक्कानं दटावून बघितलं. पाटी तीच. नवं घर बांधलं की जुन्या माणसाला उंबऱ्यावरच विचारतात ना, "कोण पाहिजे?", तसं.

पुढचे काही दिवस गणवेश बाजूला पडले. मी दुपारभर व्हिडिओ बघायचे, अनोळखी लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं वाचायचे. माझ्यासारखे पुष्कळ जण निघाले. कुणाला मेलेल्या कंपनीचा हिशेबाचा प्रोग्राम हवा होता, कुणाला लहानपणची मोटारींची शर्यत. एकानं उपाय लिहिला होता: नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक उभा करायचा, त्यात जुनी विंडोज चढवायची आणि मग त्यात खेळ घालायचा. नव्या घरात एक खोली जुन्या पद्धतीची ठेवायची आणि म्हाताऱ्यांना तिथंच बसवायचं, असा एकंदर प्रकार. कुओ-तुंगच्या खणात जुन्या विंडोजची सीडीही सापडली. तो काही फेकायचा नाही. त्याबद्दल मी त्याला फार बोलत असे.

तीन वेळा ती खोली कोसळली. चौथ्यांदा उभी राहिली. खेळ चढला. मी हाक मारली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या, पालेभाजी हातात घेऊनच आल्या.

पडद्यावर टेबल आलं. टकल्या आला, कुरळी आली, चष्म्यावरून बघणारा मास्तर आला. बटणांवरची अक्षरं मात्र फुटली होती, उंदरांनी कुरतडल्यासारखी नुसती रेघोट्यांची नक्षी.

"आई, बटणांवरचं वाचता येत नाहीये."

"मी कधी वाचलं होतं? पहिलं टाकलेली सोंगटी खायचं, दुसरं पोंगचं, तिसरं जिंकायचं. बाजूला हो." त्यांनी भाजी माझ्या हातात दिली आणि माउस धरला. "काय रे मास्तर, मेला नाहीस ना?"

डाव सुरू झाला आणि मला काही कळायच्या आत संपला.

म्हणजे असं झालं. सासूबाईंनी सोंगटी टाकली आणि टक-टक-टक, तिघांच्या तीन सोंगट्या एका श्वासात येऊन पडल्या. कुणी काय टाकलं ते दिसलंच नाही. त्यांनी दुसरी टाकली. टक-टक-टक. माहजाँगमध्ये आपल्याकडे दोन सारख्या असल्या आणि तिसरी कुणी टाकली, तर पुढच्याचा हात मधल्या सोंगट्यांच्या भिंतीला लागायच्या आत "पोंग!" म्हणून ओरडायचं असतं. उशीर झाला की ती सोंगटी गेली. इथं ओरडायला तोंड उघडेपर्यंत तिघांचे हात फिरून झालेले.

"यांना काय गाडी गाठायचीय का?" सासूबाई ओरडल्या. "अगं, थांबव त्यांना!"

कुरळी खिदळली. तेही इतक्या झरकन, की चिमणी चिरडल्यासारखा आवाज आला.

मग मला उमगलं. जुना संगणक बिचारा मंद होता. तिघांच्या विचाराला त्याला वेळ लागायचा. मास्तर तर एकेका सोंगटीला इतका रेंगाळायचा की तेवढ्यात सासूबाई चष्मा पुसून, पाठ खाजवून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळ्या व्हायच्या. आम्हाला वाटायचं, हे त्याचं स्वभाववैशिष्ट्य. तो संगणकाचा दमा होता. नव्या संगणकाला दमा नाही. त्याला विचार करावा लागतच नाही.

"हे ते नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली भाजी परत घेतली. "तोंडं तीच आहेत. पण हे माझ्याकडे बघतच नाहीत."

त्या रात्री जेवताना त्यांनी पी-युनच्या घरातून विमानतळावरची विमानं दिसतात का, असं विचारलं. मी दिसत असतील म्हटलं.

उपाय पुन्हा त्या अनोळखी लोकांतच सापडला. त्या खोट्या संगणकाला खऱ्याची किती ताकद द्यायची, हे ठरवणारी एक सरकपट्टी होती. पूर्ण उजवीकडे म्हणजे सगळी ताकद. डावीकडे ओढत न्यायची. मी सासूबाईंना शेजारी बसवलं. ताकद अर्धी केली.

"पळताहेत," त्या म्हणाल्या.

अजून कमी केली.

"चालताहेत. पण भाजीबाजारात चालतात तसे. धक्के मारत."

अजून डावीकडे. आता टकल्या सोंगटी टाकून जरा थांबला. कुरळीनं मान हलवली.

"हं. हे आता साठीचे झाले. अजून कर."

मी एवढं एवढंसं सरकवत होते, दुधात साखर घालून चव घ्यावी तसं. एकदा फारच कमी झाली तेव्हा तिघंही गोठले आणि सासूबाईंनी घाबरून माझा दंड धरला. "मेले का गं?" मी पट्टी केसभर उजवीकडे घेतली. मास्तरची पापणी लवली. त्यानं विचार केला. आणखी केला. मग एक सोंगटी उचलून, जणू मनाविरुद्ध, टेबलावर ठेवली.

"पोंग!" सासूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर गणवेश न्यायला आलेली बाई दचकून आत डोकावली. "बस! इथंच ठेव. हात लावू नकोस. आता आले माझे तिघे."

त्या दुपारी त्या चार डाव हरल्या आणि एक जिंकल्या. भात दोनदा गरम केला. मी शटर पूर्ण वर केलं, राहिलेले शर्ट भरायला घेतले आणि यंत्राच्या आवाजात गुणगुणत बसले. आतून टकल्याचं रडणं ऐकू येत होतं. मला वाटलं, जिंकले.

रविवारी फोन आला. सासूबाई फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्यामुळे मला दुकानात सगळं ऐकू आलं.

"पी-युन, अगं, तिघे परत आले! आणि ऐक, आता ते मिटतात. ताटासारखे पातळ झालेत. काखेत मारून कुठंही न्यावं. तुझ्या वहिनीनं काय केलंय बघ तरी... हो. हो, तेच म्हणते. आता काय अडचण आहे? सणाआधी येते मी."

मी यंत्र थांबवलं. सुई एका पोराच्या नावाच्या मध्यावर उभी राहिली. इतक्या दिवसांत मला एकदाही सुचलं नव्हतं. चांगला जाडजूड, जमिनीवर ठेवायचा, दोन माणसांनाही न हलणारा संगणक दुकानात समोरच मांडलेला होता. मी पाहिलाही होता. लॅपटॉप दिसायला बरा वाटला, म्हणून घेतला.

जायच्या आदल्या दिवशी सासूबाई माझूदेवीला सांगायला देवळात गेल्या. लॅपटॉप माझ्यापुढे उघडा होता. मी ती सरकपट्टी पडद्यावर आणली. बोटभर उजवीकडे नेली असती तरी पुरे होतं. तिघे पळत सुटले असते, सासूबाईंना ते आवरले नसते, पी-युनला तर लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नाही. "वहिनीलाच जमतं हे" म्हणून प्रकरण घरी परत आलं असतं. पट्टीवर बाण ठेवून मी बराच वेळ बसले. देवघरातल्या पितरांच्या पाटीवर कुओ-तुंगचं नाव होतं. तो काही बोलला नाही. जिवंत असतानाही अशा वेळी बोलायचा नाही.

शेवटी मी पट्टीला कुलूप घातलं, चुकून हात लागला तरी हलू नये असं. आणि पडद्यावर एकच चित्र ठेवलं, मोठ्ठं, लाल. त्यावर क्लिक केलं की मधली सगळी भानगड आपोआप होऊन थेट टेबल येईल. माझी गरज लागू नये, अशी सगळी सोय केली.

सासूबाई आल्या, त्यांना दाखवलं. त्यांनी तीनदा करून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "लोक म्हणतील, म्हातारी लेकीच्या दारात जाऊन पडली."

"मग जाऊ नका ना, आई."

मी हे इतक्या सहज म्हटलं की मलाच थट्टा वाटली. त्यांना ती वाटली नसावी. त्यांनी माझ्या बाहीला चिकटलेला लाल दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला.

"तू मला सांभाळतेस की मी तुला, हे मला हल्ली कळेनासं झालंय, युएश्या. तू दुकान सोडून कुठं जात नाहीस, मी टेबल सोडून. दोघींपैकी एकीनं तरी बाहेर पडावं की नाही? तुला सांगून तू पडणार नाहीस. म्हणून मी पडते." मग दोरा कचऱ्यात टाकून म्हणाल्या, "आणि जेवताना उभ्यानं जेवू नकोस. मला माहितीय, मी गेले की तू उभ्यानंच जेवणार."

सणाला मी तांदळाचे गोळे केले, पितरांपुढे ठेवले, उरलेले खाल्ले. बसून खाल्ले.

सण होऊन गेल्यावर एका रविवारी पी-युनचा फोन आला. "वहिनी, आई घरात सापडतच नाही गं! सकाळी खाली हॉलमध्ये जाते ती जेवायलाच वर येते. तिथल्या तिघी तिच्यापेक्षाही हळू खेळतात. एकीचा तर हात कापतो. आई म्हणते, सोंगटी टाकेपर्यंत तिच्या नातवंडांची नावं पाठ होतात. तुझा लॅपटॉप फडक्यात गुंडाळून ठेवलाय. थांब, आई बोलतेय."

"युएश्या? ऐक. हा डबा तुला परत पाठवलाय, आज-उद्या येईल. इथं धूळ खातोय आणि त्या मास्तरची मला दया येते. आता तू खेळ."

"मला कुठं येतं, आई?"

"येत नाही म्हणूनच खेळ. हरशील. टकल्याचं आधी ऐकू नकोस, फसवतो. आणि पोंग म्हणायला लाजू नकोस, घरात कुणी नाहीये ऐकायला."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं, त्यांना माणसं मिळाली होती. फोन ठेवल्यावर मी जरा वेळ दुकानातच बसून राहिले, दिवा न लावता.

खोका आला. लॅपटॉपच्या भोवती त्यांनी त्यांचे जुने मोजे कोंबले होते आणि मोज्यांत वाळवलेली पर्सिमनची फळं. मी तो भरतकामाच्या यंत्राशेजारी मांडला, लाल चित्रावर क्लिक केलं. टेबल आलं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुढे सोळा सोंगट्या उभ्या राहिल्या आणि त्यांतली एकही मला ओळखीची वाटली नाही. मी एक टाकली. टकल्यानं टाकली, कुरळीनं टाकली, मास्तरनं विचार करून टाकली. सासूबाईंच्या वेगानं. मी अजून पहिलीच बघत होते.

मी डाव थांबवला, कुलूप काढलं आणि पट्टी आणखी थोडी डावीकडे ओढली. सासूबाईंना चालली नसती इतकी. मग पुन्हा सुरू केलं.

आता कुरळीची पाळी होती. ती विचार करत होती. मी यंत्रावर एक शर्ट चढवला, नाव भरून काढलं, दोरा कापला, घडी घातली. बाहेर शाळा सुटली, पोरं सायकलींवरून ओरडत गेली आणि गल्ली पुन्हा शांत झाली. मी दुसरा शर्ट घेतला.

कुरळी अजून विचारच करत होती.